गळ, जाळे आणि नदी: नंदुरबार जिल्ह्यातील नदीमासेमारीचा आढावा

पिसे आणि दोरा यांची बनावट माशी करायची, ती बारीक गळावर बांधायची आणि लवचीक काठीने वाहत्या पाण्यावर अलगद उतरवायची, या मासेमारीला फ्लाय फिशिंग म्हणतात. साध्या गळात शिशाचे वजन दोरी पुढे नेते. इथे माशीला वजनच नसते, म्हणून जड दोरीच हवेत झुलवून फेकावी लागते. जगभर ही पद्धत ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाशी जोडली गेली आहे. नंदुरबार जिल्ह्यात ट्राउट नाही. पण जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा आहे, मधून तापी वाहते, आणि या दोन्ही नद्या महसीरच्या आहेत. महसीर हा वाहत्या, स्वच्छ पाण्यातला दांडगा मासा. गळाचा छंद असणारे त्याला ट्राउटच्या तोडीचा मानतात, काही जण त्याहूनही वरचा.

महसीर असलेल्या प्रत्येक नदीभोवती देशात एक चर्चा गेली काही दशके चालू आहे. छंदासाठी गळ टाकणाऱ्यांना नदी खुली करावी का, त्यातून माशाचे रक्षण होते का, आणि काठावर राहून त्याच माशावर जगणाऱ्यांचे काय? नंदुरबारला ही चर्चा लावून पाहिली की तिला आणखी पदर फुटतात, कारण इथली नदी मोठ्या प्रमाणात जलाशय झाली आहे आणि काठावरची बरीच माणसे विस्थापित आहेत. या लेखात आधी पार्श्वभूमी, मग जिल्ह्याच्या पाण्याची आजची स्थिती, त्यानंतर चार प्रमुख भूमिका आणि शेवटी अनिर्णित राहिलेले प्रश्न अशा क्रमाने या विषयाचा आढावा घेतला आहे.

1. गळाची परंपरा

छंद म्हणून मासे धरणे इंग्रजांनी भारतात आणले, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता बरोबर नाही. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींच्या वर्णनात ‘मत्स्यविनोद’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. गळाची काठी, दोरी, कोणत्या माशाला कोणते आमिष, गळाला लागलेला मासा कसा दमवायचा, असा तपशील त्यात येतो आणि पस्तीसेक प्रकारचे मासे त्यात आहेत. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणावर लेख लिहून ते अभ्यासकांपुढे आणले.

इंग्रजी अमदानीत या छंदाला ग्रंथ आणि नियम मिळाले. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक 1873 मध्ये निघाले. त्याच वर्षी फ्रान्सिस डे यांचा भारत आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. बारीक आसेची जाळी, ओढ्यांवरचे बांध आणि पाण्यात कालवलेले विष यांमुळे मासा कमी होत आहे, ही त्या काळातली मुख्य तक्रार होती. तिची परिणती 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यात झाली. स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे त्याने गुन्हा ठरवले. पुढे महाराष्ट्राने 1960 चा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. या साऱ्या लेखनात काठावरचा माणूस बहुतेक वेळा नदी रिकामी करणारा म्हणून येतो. तो त्या नदीचा जाणकारही असतो, ही बाजू त्यात फिकी राहते. आजच्या वादाची एक मुळी तिथे आहे.

ट्राउट याच काळात आला. काश्मीरमध्ये 1899 साली इंग्लंडहून मागवलेली पहिली अंडी वाटेतच नासली. 1900 च्या अखेरीस आलेली दुसरी खेप जगली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत कुलू खोऱ्यात आणि नीलगिरीतही ट्राउट स्थिरावला. त्याला वर्षभर थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. तापमान 20 अंश सेल्सियसच्या वर गेले की तो अडचणीत येतो. नीलगिरीतले ट्राउटचे पाणी समुद्रसपाटीपासून 2,000 मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंचावर आहे. आपले तोरणमाळ त्यापुढे बरेच ठेंगणे, साडेअकराशे मीटरच्या घरातले. आणि जिल्ह्याच्या सपाटीवर उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. तोरणमाळच्या यशवंत तलावात ट्राउट सोडण्याची कल्पना म्हणूनच विचारात घेण्याजोगी नाही. नंदुरबारपुरता फ्लाय फिशिंगचा प्रश्न हा महसीरचा प्रश्न आहे.

2. जिल्ह्याचे पाणी

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा झाला. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर हे त्याचे सहा तालुके. सातपुड्याची रांग जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना वाटते. उत्तर उतारावरचे ओढे आणि उदईसारख्या नद्या नर्मदेला मिळतात, दक्षिण उतारावरून गोमाई, सुसरी, वाकी तापीकडे येतात. तापीच्या दक्षिणेला शिवण आणि नवापूरची रंगावली आहे. 1,312 किमी लांबीच्या नर्मदेचा महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला काठ अगदी थोडा, आणि तो सगळा अक्राणी व अक्कलकुवा या दोन तालुक्यांत आहे.

या दोन्ही नद्यांचे रूप गेल्या अर्धशतकात बदलले. गुजरातेत तापीवर उकाई धरण 1972 मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे फुगवट्याचे पाणी जिल्ह्यात शिरले. पुढे शहादा तालुक्यात सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बंधारे झाले. त्यामुळे तापी आता बऱ्याच अंतरात एकामागे एक लागलेल्या संथ डोहांसारखी झाली आहे. नर्मदेवर सरदार सरोवराची पायाभरणी 1961 मध्ये झाली, जलतंटा लवादाचा निवाडा 1979 मध्ये आला, धरणाचे दरवाजे 2017 मध्ये बंद झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला भरला. महाराष्ट्रातली 33 गावे आणि सुमारे साडेनऊ हजार हेक्टर जमीन बुडिताखाली आली. त्यातला मोठा भाग जंगलाचा होता.

मासेमारीच्या दृष्टीने एक आकडा महत्त्वाचा आहे. या जलाशयाची किमान वापर पातळी 110.64 मीटर आहे. पूर्ण पातळी आणि किमान पातळी यांत 28 मीटरचे अंतर आहे. पाणी कधी चढवायचे आणि कधी उतरवायचे याचा निर्णय वीज, सिंचन आणि पिण्याच्या गरजा पाहून होतो. जिल्ह्यातल्या मणिबेली ते भादल या गावांच्या काठावर जाळे टाकणाऱ्याचा त्यात शब्द नसतो. पाणी उतरले की काठ दूर जातो आणि मधे गाळाचा उतार उघडा पडतो; चढले की होडी बांधायची जागाच बदलते.

3. मासे आणि माणसे

नर्मदेच्या माशांचा पहिला सविस्तर अभ्यास केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने 1958 ते 1966 या काळात मध्य प्रदेशात केला. त्या वेळी पकडीत महसीरचा वाटा चौथ्या हिश्शाच्या आसपास होता. एकाच जातीचा एवढा वाटा असणे ही त्या नदीची खूण होती. त्याच्या बरोबरीने रोहूच्या कुळातले अनेक मासे, शिंगाळा, मरळ, वाम आणि झिंगे नदीत होते. धरणे वाढत गेली तसा वाहत्या पाण्यातला मासा मागे पडला आणि संथ पाण्यात वाढणारे कटला, रोहू, मृगळ पुढे आले. यातही भर सोडलेल्या बीजाची. तिलापियासारखे परके मासेही दोन्ही खोऱ्यांत पसरले आहेत.

सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबांना आणि नवापूरकडच्या मावची, कोकणी कुटुंबांना मासेमारी हा एकमेव धंदा कधीच नव्हता. शेती, मोहफुले, डिंक, गुरे आणि मासे मिळून वर्ष भागायचे. ओढ्यात दगडांचा बांध घालून पाणी वळवणे, फेकजाळे, गळ, बांबूचे सापळे, उन्हाळ्यात आटलेल्या डोहात झाडाची साल किंवा फळ कुटून मासा गुंगवणे, अशा पद्धती हंगामाप्रमाणे बदलत. पकड बहुधा घरात आणि पाड्यात वाटली जाई. तापीकाठी भोई समाजात मात्र मासेमारी हा पिढीजात व्यवसाय होता. जलाशय आल्यावर हे चित्र पालटले. ज्यांची नदीकाठची जमीन गेली, त्यांच्यासाठी पूरक असलेला मासा मुख्य आधार झाला. खोल पाण्यासाठी उभी तरंगती जाळी आणि मोठ्या होड्या आल्या, आणि व्यापाऱ्याशी व्यवहार सुरू झाला.

या पार्श्वभूमीवर आज चार भूमिका स्पष्ट दिसतात.

4. पहिली भूमिका: आधी हक्क

या भूमिकेचे म्हणणे असे की माशाचे काय करायचे हे ठरवण्याआधी तो कोणाचा हे ठरले पाहिजे. तिला कायद्याचा भक्कम आधार आहे. नर्मदा लवादाच्या निवाड्यात धरण गुजरातचे असले तरी जलाशयाच्या महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या भागावर मासेमारी, नौकानयन आणि जलवाहतुकीचा हक्क त्या त्या राज्याकडेच राहील, अशी तरतूद आहे. 2006 चा वनहक्क कायदा सामुदायिक हक्कांमध्ये मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नाचा उल्लेख करतो. 1996 चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचे व्यवस्थापन पंचायत व्यवस्थेकडे देतो, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्णपणे आणि उरलेले दोन अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात.

या आधारावर नर्मदाकाठच्या विस्थापित कुटुंबांनी मच्छीमार सहकारी संस्था उभ्या केल्या. ठेका बाहेरच्या कंत्राटदाराकडे गेला की बुडालेल्या शेताच्या मालकालाच स्वतःच्या शेतावरच्या पाण्यात मजुरीने जाळे ओढावे लागते, ही त्यांची मूळ हरकत होती. नर्मदा खोऱ्यात याचे आधीचे दाखले आहेत. मध्य प्रदेशात बर्गी धरणाच्या विस्थापितांनी 1994 मध्ये आपला संघ केला. तवा जलाशयावर आदिवासींच्या तवा मत्स्य संघाने 1996 पासून दहा वर्षे मासेमारी, बीज सोडणे आणि विक्री हे सारे स्वतः सांभाळले. 2006 नंतर तो हक्क वाढवून मिळाला नाही. जलाशयाच्या परिसरातल्या वन्यजीव संरक्षित क्षेत्राची अडचण त्यात पुढे आली.

या भूमिकेपुढचे प्रश्नही खरे आहेत. अनेक विस्थापित कुटुंबे दूरच्या पुनर्वसन वसाहतींत गेली, तर काठावर राहिलेल्यांत काही घोषित विस्थापित नाहीत. मग सभासद कोण? बर्फ, रस्ता आणि वाहन नसेल तर सहकारी संस्थेचा मासाही शेवटी व्यापाऱ्याच्या भावाने जातो. आणि हक्क मिळाला म्हणून नदीतला मासा आपोआप वाढत नाही.

5. दुसरी भूमिका: उत्पादन वाढवा

मत्स्यव्यवसायाच्या शासकीय धोरणात ही भूमिका सर्वांत ठळक आहे. तिचा युक्तिवाद साधा आहे. एवढे मोठे पाणी तयार झाले आहे, त्याच्या मानाने मासा कमी निघतो, आणि जिल्ह्यात कुपोषणाचा प्रश्न जुना आहे. कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून दरवर्षी मत्स्यबीज बाहेरून आणून सोडावे लागते. अगदी लहान बीज सोडले तर मोठे मासे ते खाऊन टाकतात, त्यामुळे ते बोटुकलीएवढे वाढवून सोडणे, जाळ्याची किमान आस पाळणे आणि पावसाळ्यात मासेमारी थांबवणे ही या पद्धतीची त्रिसूत्री आहे.

तिचा पुढचा टप्पा म्हणजे पिंजऱ्यातले मत्स्यसंवर्धन. तरंगत्या चौकटीला जाळ्याचे पिंजरे बांधून त्यांत पंगस किंवा तिलापिया वाढवतात. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा प्रकल्पांना अनुदान आहे. थोड्या जागेत खात्रीचे उत्पन्न, हा त्याचा मोठा गुण.

आक्षेप तीन आहेत. पिंजऱ्यासाठी भांडवल आणि खाद्य लागते, त्यामुळे संस्थेच्या नावावर प्रत्यक्ष मालकी दुसऱ्याच्या हाती जाण्याची भीती असते. जाळी फाटून सुटलेला परका मासा जलाशयात कायमचा राहतो. आणि 28 मीटर चढ-उताराच्या पाण्यात पिंजऱ्याची जागा टिकवणे अवघड जाते. उत्पादनाचे समर्थक यावर सांगतात की नदी परत येणार नाही, आहे त्या जलाशयातून काठावरच्या माणसाला जास्तीत जास्त देणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

6. तिसरी भूमिका: महसीर वाचवा

महसीर पावसाळ्यात उपनद्यांमध्ये वर चढतो आणि वाळू-गोट्यांच्या, वाहत्या, उथळ पाण्यात अंडी घालतो. धरणाची भिंत वाट अडवते, फुगवट्याचा गाळ गोटे झाकतो आणि उन्हाळ्यात उपनदी आटली की पिल्ले डोहात अडकतात. मध्य प्रदेशाने 2011 मध्ये महसीरला राज्यमासा घोषित केले. महाराष्ट्राने 2023 मध्ये हा मान समुद्रातल्या पापलेटला दिला. पापलेटच्या संरक्षणासाठी तो निर्णय महत्त्वाचा आहेच. पण नर्मदेच्या एका काठावर जो मासा राज्याचे चिन्ह आहे, त्याला समोरच्या काठावर तशी ओळख नाही.

संवर्धनवाद्यांत दोन मते आहेत. एक मत म्हणते, बीज तयार करून सोडा. त्याला महाराष्ट्रातच मोठा आधार आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महसीरचे बीज कृत्रिम रीतीने तयार केले आणि अनेक राज्यांना पुरवले. धरण बांधणाऱ्या उद्योगाने माशाची जबाबदारी घेतल्याचे ते दुर्मीळ उदाहरण आहे. दुसरे मत त्याच उदाहरणाचा पुढचा भाग दाखवते. लोणावळ्याचा निळसर पराचा महसीर कावेरीत सोडला गेला. तो तिथे इतका फोफावला की कावेरीचा स्वतःचा, मोठ्या कुबडाचा महसीर झपाट्याने कमी झाला. 2018 मध्ये या मूळ माशाचे शास्त्रीय नाव निश्चित झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. चांगल्या हेतूने सोडलेले बीज दुसऱ्या खोऱ्यात कसे वागेल हे आधी सांगता येत नाही, असा धडा त्यातून घेतला जातो. लोणावळ्याचे पाणी इंद्रायणीतून भीमेला, म्हणजे कृष्णा खोऱ्यात जाते. नर्मदा आणि तापीचे खोरे वेगळे आहे.

म्हणून हे दुसरे मत बीजापेक्षा उपनद्या आणि डोह राखण्यावर भर देते. महाराष्ट्रात त्याचे देशी रूप आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळणकोंडीत महसीरला देवाचा मासा मानून कोणी हात लावत नाही. इंद्रायणीकाठी देहू-आळंदीच्या माशांमागेही हीच भावना होती. मात्र असा डोह लहान असतो. वरून पाणी येणे थांबले किंवा घाण झाले तर श्रद्धा एकटी त्याला वाचवू शकत नाही, हे इंद्रायणीच्या आजच्या अवस्थेवरून दिसते.

7. चौथी भूमिका: गळाचे पर्यटन

गळाच्या पर्यटनाचे समर्थक कावेरीकडेच बोट दाखवतात. बंगळुरूच्या वन्यजीवप्रेमींच्या संस्थेने 1970 च्या दशकापासून नदीचा एक पट्टा भाडेपट्ट्याने घेऊन राखला. भीमेश्वरी, गलिबोरे येथे शिबिरे झाली. धरलेला मासा मोजून परत सोडायचा हा नियम होता. पूर्वी सुरुंगाने मासे मारणारे काही जण राखणदार आणि वाटाडे झाले. गळकऱ्यांनी ठेवलेल्या पकडीच्या वह्या पुढे संशोधकांच्या कामी आल्या. कुबडाच्या महसीरची घसरण त्या नोंदींतूनच आकड्यांत दिसली. एक जिवंत मासा बाजारात एकदाच विकला जातो, पण गळासाठी आलेला पाहुणा त्याच माशासाठी पुन्हा पुन्हा पैसे देतो, हा त्यांचा आर्थिक युक्तिवाद आहे.

पुढे वन्यजीव कायद्याच्या अन्वयार्थावरून कावेरीकाठच्या अभयारण्यातली ही शिबिरे बंद झाली. गळ टाकणे ही शिकार आहे का, हा तो प्रश्न. मासा सोडून दिला तरी त्याला इजा होते, निव्वळ विरंगुळ्यासाठी ती करणे योग्य नाही, असे प्राणिहिताच्या बाजूने सांगितले जाते. कावेरीतच झालेल्या पाहणीत असे दिसले की सोडलेले बहुतेक महसीर जगतात. मात्र झुंज लांबली तर त्यांच्यावरचा ताण वाढतो. त्यामुळे ‘पकडा आणि सोडा’ सरसकट निरुपद्रवी किंवा सरसकट घातक म्हणता येत नाही.

नंदुरबारसाठी आणखी तीन मुद्दे आहेत. पहिला, फ्लाय फिशिंगला स्वच्छ, उथळ, वाहते पाणी लागते. ते जलाशयात नाही. ते पावसाळा ओसरल्यावर उपनद्यांत असते. म्हणजे गळकऱ्याला हवी असलेली जागा आणि महसीरच्या पिल्लांची जागा एकच आहे. दुसरा, जिथे मासा हे घरातले कालवण आहे, तिथे मासा धरून सोडण्याचा खेळ काठावरच्या माणसाला कसा वाटेल? बाहेरच्याला परवाना आणि गावकऱ्याला मनाई, अशी वेळ आली तर जुन्या जखमेवर मीठ चोळल्यासारखे होईल. तिसरा, नर्मदा ही परिक्रमेची नदी आहे. तिच्या काठी अनेकांच्या दृष्टीने मासा धरणे हाच श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि त्याच काठी पिढ्यान्‌पिढ्या मासा खाणारी आदिवासी श्रद्धाही आहे. या दोहोंपैकी एकीला गृहीत धरून धोरण करता येणार नाही.

8. मते जुळतात तिथे

चारही भूमिका वेगळ्या असल्या तरी काही बाबतींत त्या जवळ येतात. सुरुंग आणि रासायनिक विष यांवरची बंदी कोणीही नाकारत नाही. 1897 पासून कायदा आहे, अडते ते अंमलबजावणीपाशी. पावसाळ्यातली मासेमारीबंदी सर्वांना मान्य आहे, पण त्या दोन-अडीच महिन्यांत चूल कशावर पेटायची याची सोय हवी, हा हक्कवाद्यांचा आग्रह इतरांनाही पटण्यासारखा आहे. राखण करायची तर ती काठावरच्या माणसानेच करायची, हेही उघड आहे. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत दुसरे कोणी बारमाही असणारच नाही.

सर्वांत महत्त्वाची सहमती पाण्याची आहे. सहकारी संस्थेला, बोटुकली सोडणाऱ्याला, महसीरच्या अभ्यासकाला आणि गळकऱ्याला, चौघांनाही उपनद्यांत उन्हाळ्यापर्यंत पाणी हवे आहे. तरीही चर्चा मुख्यतः जलाशयाभोवती फिरते, कारण ठेका, अनुदान आणि पकड तिथे आहे. उपनदीला संस्था नाही, ठेका नाही, आणि तिच्या माशांची नियमित मोजणीही होत नाही.

9. अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न माशाच्या ओळखीचा. नर्मदेच्या महसीरला टॉर टॉर म्हणतात. पण हे नाव मत्स्यअभ्यासक हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये उत्तर बंगालमधल्या महानंदा नदीतल्या माशाला दिले होते. दोन्ही मासे खरोखर एकच आहेत का, याचा निर्वाळा पुरेशा नमुन्यांवर व्हायचा आहे. जागतिक पातळीवर या जातीची नोंद ‘अपुरी माहिती’ या वर्गात आहे. संकटग्रस्त ठरलेल्या जातीसाठी निदान निधी आणि नियम येतात. अपुऱ्या माहितीच्या वर्गात पडलेली जात दोन्हींपासून दूर राहते.

दुसरा प्रश्न पायाभूत नोंदींचा. 1958-66 चा अभ्यास नदीच्या वरच्या टप्प्यातला होता. अक्राणी-अक्कलकुव्याच्या काठाची तशी जुनी मोजणी हाताशी नसेल, तर आज किती घट झाली हे कशाशी ताडून पाहायचे? वृद्ध मच्छीमारांच्या आठवणी हा इथला महत्त्वाचा पुरावा आहे, आणि तो वर्षागणिक कमी होतो आहे.

तिसरा प्रश्न अधिकाराचा. एकाच डोहावर मत्स्यव्यवसाय विभाग, वन विभाग, जलसंपदा विभाग आणि ग्रामसभा यांचे अधिकार येऊन मिळतात, आणि जलाशय तर तीन राज्यांत पसरला आहे. एका काठावर पावसाळी बंदी पाळली आणि समोरच्या काठावर नाही, तर तिचा उपयोग किती? तिन्ही राज्यांचा मिळून एक हंगाम आणि जाळ्याची एक किमान आस ठरवणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड काम आहे.

चौथा प्रश्न पाणी वळवण्याचा. लवादाच्या निवाड्यानुसार नर्मदेच्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा 0.25 दशलक्ष एकर-फूट, म्हणजे 10.89 टीएमसी आहे. हे पाणी सातपुड्यातून बोगद्यांनी तापी खोऱ्यात आणण्याच्या योजना आहेत. तापीकाठच्या शेतीची तहान खरी आहे, आणि राज्याचा हक्कही निर्विवाद आहे. पण पाणी अडवायचे ते उत्तर उताराच्या नद्यांवर, म्हणजे महसीरची उरलीसुरली वाट असलेल्या ठिकाणी. अडवलेल्या पाण्यातून खाली किती सोडायचे, याची चर्चा अजून मासेमारीच्या चर्चेशी जोडली गेलेली नाही.

पाचवा प्रश्न वाटणीचा. जाळे पुरुष टाकतात, पण मासा साफ करणे, सुकवणे आणि आठवडे बाजारात विकणे यांत बायकांचे मोठे श्रम असतात. संस्थेचे सभासदत्व जाळ्यावर ठरते की श्रमावर? पर्यटन आले तर वाटाड्याची मजुरी कोणाला आणि परवान्याचे शुल्क कोणाला? यांची उत्तरे आधी ठरली नाहीत, तर चांगली योजनाही काठावरच्या काहींनाच लाभते.

10. आज स्थिती काय

हक्काची भूमिका कायद्याने भक्कम आहे आणि व्यवहारात अर्धी उतरली आहे. उत्पादनाच्या भूमिकेला निधी आहे, पण ती जलाशयापुरती मर्यादित आहे. संवर्धनाकडे कावेरीचा धडा आहे आणि स्वतःच्या नदीची माहिती कमी आहे. गळाच्या पर्यटनाला इथे आधी जागा आणि ग्रामसभेची संमती, दोन्ही शोधाव्या लागतील. यांतली कोणतीही भूमिका दुसरीला पूर्णपणे खोटी पाडत नाही. पण त्यांचा क्रम ठरवावा लागेल, आणि आजवरच्या अनुभवावरून हक्क आणि नोंदी या दोन गोष्टी आधी येतात. माशाचा मालक ठरला तर राखणदार ठरतो, आणि मासा मोजला गेला तर बीज, पिंजरा किंवा गळ यांच्या बऱ्या-वाईटाबद्दल बोलता येते.

सुरुवात मोठी असण्याची गरज नाही. मेच्या अखेरीस उदईच्या डोहात किती पाणी उरले, त्यात महसीरची पिल्ले दिसली का, आणि पहिल्या पुरानंतर मोठा मासा वर चढला का, एवढे काठावरच्या पाड्यांनी सलग काही वर्षे वहीत लिहून ठेवले, तरी या वादाच्या चारही बाजूंना आज नसलेला पुरावा हाती येईल. ती वही लिहू शकणारी माणसे तिथे आहेत. त्यांच्या हातातल्या जाळ्याला हक्काची आणि त्यांच्या नोंदीला मान्यतेची जोड मिळते का, यावर नंदुरबारच्या नद्यांतला मासा आणि त्याबद्दलची पुढची चर्चा दोन्ही अवलंबून आहेत.